तळ्याची प्लेट

बेंगळुरूतल्या सर्जापूर रोडवरच्या माझ्या कामाच्या खोलीत सध्या बेळ्ळंदूर तळ्याच्या छापचित्राची तांब्याची प्लेट चालू आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये या तळ्याला आग लागली. त्याआधीच त्याचा फेस उडून रस्त्यावर येत होता. वर्षानुवर्षं सांडपाणी तसंच सोडत राहिलं की पाण्याचं काय होतं, ते सगळ्या शहरानं पाहिलं. प्लेट बघायला येणारे सांगतात, एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा घाल, चित्र बोलकं होईल. मी घालणार नाही.

त्याचं कारण एका जुन्या व्यंगचित्रात आहे. बेंगळुरूचा किल्ला इंग्रजांनी म्हैसूरच्या टिपू सुलतानाकडून मार्च 1791 मध्ये घेतला. पण मे महिन्यात टिपूच्या राजधानीपासून, श्रीरंगपट्टणहून, इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला उपाशी फौजेसह मागे फिरावं लागलं. इंग्रजांच्या बाजूने आलेले मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या छावणीतल्या बाजारातून त्या फौजेला धान्य मिळालं. डिसेंबरात लंडनला व्यंगचित्रकार जेम्स गिलरेनं या माघारीचा छाप काढला: गाढवावर बसून पळणारा कॉर्नवॉलिस आणि तटावरून त्याच्यावर लघवी करणारा टिपू. काय रेष आहे त्याची! पण मार्च 1792 च्या तहात टिपूला निम्मं राज्य सोडावं लागलं आणि ती थट्टा चार महिन्यांत खोटी पडली. एका माणसावर बेतलेलं चित्र त्याच्या नशिबाबरोबर फिरतं.

म्हणून मी गिलरेच्या आधीच्या इंग्रज चित्रकाराकडे, विल्यम हॉगार्थकडे वळते. 1735 साली त्यानं आठ प्लेटांत बापाचा पैसा उधळणाऱ्या टॉम रेकवेलची गोष्ट सांगितली. शेवटी टॉम बेडलमच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. 1763 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, हॉगार्थनं तीच शेवटची प्लेट पुन्हा हातात घेतली आणि इस्पितळाच्या भिंतीवर एक नाणं कोरलं. त्यावर देशाचं प्रतीक असलेली ब्रिटानिया, केस मोकळे सुटलेली. टॉम जागचा हललेला नाही, पण आता वेड लागलंय ते देशाला. 28 वर्षांनी गोष्ट एवढी मोठी झाली, कारण तिच्यात तेवढी जागा होती.

तांब्यावरची रेष घालवायची तर स्क्रेपरनं तासायची, बर्निशरनं घोटायची, खळगा पडला तर पाठीमागून ठोकून वर आणायचा. तरी पुसट खूण उरते आणि छापात करडी उमटते. मला ती हवी आहे. माझ्या तळ्याच्या पहिल्या छापात काठावर कोळ्यांची मासे धरायची जाळी होती, धुण्याचे दगड होते. ते तासून वर इमारती चढवतेय, प्रत्येक टप्प्याचा छाप वेगळा ठेवतेय. भिंतींमधून जाळी अजून दिसतात. त्यातली एक इमारत मी राहते ती आहे. तिच्या मोरीतून खाली उतरणारा पाइप पुढच्या टप्प्यात कोरायचा आहे.