एकाने काय होते?

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु पाण्याचे नाते फार दूरवर पोचलेले असते. या जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्राला पोचते. दक्षिणेच्या सीमेवरील पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगतीने बंगालच्या उपसागराची वाट धरते. वाशीमच्या शिवारात जवळजवळ पडलेले पावसाचे दोन थेंब असे दोन निराळ्या समुद्रांना जाऊन मिळतात. ज्या भूमीचे पाणी दोन समुद्रांना जाते, तेथील मुलांनी समुद्रावरच्या माणसांची एक रीत समजून घ्यावी, हे योग्यच होय. ती रीत म्हणजे नावेची तपासणी.

ही रीत वाशीमकरांना अगदीच परकी नाही. पूर्वी पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला बंड्या निघत, तेव्हा घरातील वडीलधारा माणूस आदल्या दिवशी बंडीभोवती फेरी घाली. चाकावरची धाव सैल तर झाली नाही ना, आखाला वंगण आहे ना, जू तडकले नाही ना, हे तो हाताने चाचपून पाही. मुले उतावीळ होत. पण म्हातारा घाई करीत नसे. वाटेत आख मोडला, तर बंडीतून उतरून चालत तरी जाता येते. समुद्रात मात्र नावेतून उतरून चालत जाण्याची सोय नाही. म्हणून तेथे ही तपासणी अधिक कसोशीने करावी लागते.

मालवणच्या किनाऱ्यावरील हिवाळ्यातील एखादी सकाळ डोळ्यांसमोर आणावी. समुद्र शांत आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर कोवळे ऊन पडले आहे. गळाने मासे धरण्याची हौस असलेली आठ पाहुणे मंडळी एका यांत्रिक होडीतून निघाली आहेत. सोबत तांडेल आणि एक खलाशी आहे. किनारा थोडा मागे पडतो, तोच गस्तीची नौका जवळ येते आणि थांबण्याची खूण करते. पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मासे गळाला लागण्याची हीच तर वेळ!

गस्तीवरचा अधिकारी होडीत उतरतो. होडीवर रंगविलेला क्रमांक तो कागदावरील क्रमांकाशी ताडून पाहतो. इंजिनापाशी वाकून तेल गळते की काय, हे पाहतो. आग विझविण्याचे नळकांडे जागेवर आहे ना, तळात साचलेले पाणी उपसण्याची सोय आहे ना, नांगराचा दोर कुजलेला नाही ना, हे तपासतो. मग दिवे लावून पाहावयास सांगतो. नावेच्या डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. अंधारात समोरून येणाऱ्या नावेला या दोन रंगांवरूनच कळते, की ही नाव कोणत्या दिशेला चालली आहे. शेवटी तो जीवरक्षक जाकिटे मोजावयास घेतो. प्रत्येक जाकिटाची शिवण पाहतो, पट्टा ओढून पाहतो.

"तांडेल, माणसे किती?" तो विचारतो.

"पाहुणे आठ. आम्ही दोघे. दहा झाली, साहेब."

"जाकिटे नऊच आहेत."

तांडेल खाली पाहतो. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ हसून म्हणतात, "अहो, दहात एक कमी! समुद्र तर आरशासारखा आहे. एकाने काय होते?"

अधिकारी रागावत नाही. तो शांतपणे म्हणतो, "ठीक आहे. मग कोणी जाकिटावाचून बसायचे, ते आपणच ठरवा आणि मला नाव सांगा."

होडीत शांतता पसरते. गृहस्थ आपल्या शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहतात, मग तांडेलाकडे पाहतात, आणि त्यांचे हसू मावळते. कोणाचेही नाव त्यांच्या ओठांवर येत नाही. होडी मागे वळते. दहावे जाकीट घेऊन येईपर्यंत पाऊण तास जातो. सूर्य वर चढतो आणि मासे खोल पाण्यात जातात.

हा पाऊण तास वाया गेला, असे कोणासही वाटेल. पण समुद्राने अशा हिशेबाची फार मोठी किंमत वसूल केली आहे. १७ जुलै १९४७ चा दिवस. देशाला स्वातंत्र्य मिळण्यास महिनाही उरला नव्हता. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची बोट सुमारे सातशे माणसांना घेऊन रेवसकडे निघाली. त्यांत सणासाठी गावी निघालेले पुष्कळ कोकणवासी होते. वाटेत वादळी पाऊस आणि वारा सुरू झाला, लाटा उसळल्या. घाबरलेले लोक आसरा शोधीत एका बाजूला धावले. बोट कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे एवढा अनर्थ घडूनही मुंबईला कित्येक तास त्याची वार्ताच नव्हती. जवळपासच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घालून काहींना वाचविले. तरी सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातील कित्येक घरांत त्या दिवशी वाट पाहणारे वाटच पाहत राहिले.

जगाने तपासणीचे नियम असेच, पुष्कळ अश्रू ढाळून शिकले आहेत. इंग्लंडमध्ये लोभी मालक जहाजांत बेसुमार माल भरीत आणि खलाशी बुडून मरत. सॅम्युएल प्लिमसोल या पार्लमेंटच्या सभासदाने त्याविरुद्ध आवाज उठविला. त्यामुळे १८७६ साली कायदा होऊन जहाजाच्या अंगावर एक रेघ आखणे बंधनकारक झाले. पुढे त्या रेघेची जागाही नियमाने ठरविण्यात आली. रेघ पाण्याखाली गेली, की ओझे जास्त झाले, हे लहान मुलालाही धक्क्यावरून दिसावे, अशी ती युक्ती! १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा तिच्यावर सुमारे २२०० माणसे होती. परंतु जीवरक्षक नावांत जागा अवघ्या ११७८ होत्या. नवल हे, की तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या पुरेशा होत्या. नियमच अपुरा होता! म्हणून १९१४ साली लंडनमध्ये अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन समुद्रावरील जीवरक्षणाचा नवा करार केला.

जाकीट नावेत असणे निराळे आणि अंगात असणे निराळे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर एक वेगवान नौका येऊन आदळली. त्या अपघातात पंधरा जणांचा अंत झाला. पुष्कळ प्रवाशांनी जाकिटे घातलेली नव्हती. संकट येण्यापूर्वी ते निरोप पाठवीत नाही. आल्यावर पट्टा बांधण्यास उसंत देत नाही.

हे सारे समुद्रापुरतेच आहे, असेही समजू नये. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटली आणि अकरा माणसे बुडाली. ती नदी पैनगंगेची सोबतीणच होय. पावसाळ्यात पैनगंगा दुथडी भरून वाहते, जलाशय तुडुंब भरतात. अशा वेळी होडीत पाऊल टाकण्यापूर्वी "माणसे किती? जाकिटे किती?" असे विचारण्यास अधिकाराचा गणवेश लागत नाही. अकरा वर्षांच्या मुलालाही ते विचारता येते. उत्तर समाधानकारक नसेल, तर काठावर थांबण्यात मुळीच भित्रेपणा नाही.

आता पुन्हा मालवणला जावे. संध्याकाळ झाली आहे. सकाळची होडी परत आली आहे. मासे थोडेच मिळाले आहेत. वारा पडलेलाच राहिला, समुद्र दिवसभर शांत होता, आणि दहाच्या दहा जाकिटे कोरडी आहेत. सकाळचे गृहस्थ मुलाचा हात धरून धक्क्यावर उतरतात. तांडेल जाकिटे गोळा करून खुंटीला टांगतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात या होडीविषयी एक ओळही छापून येणार नाही. गस्तीवरच्या अधिकाऱ्याला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही. अशी ओळ छापली जाऊ नये, एवढ्यासाठीच तो रोज समुद्रावर जातो.