यंत्रमानवांची तपासणी

आषाढ, कर्जत. उल्हास नदीच्या खोऱ्यात पावसाने मुक्काम ठोकला, की माझ्या संग्रहातील चिमुकल्या यंत्रमानवांची तपासणी करणे क्रमप्राप्त ठरते. कारण पत्र्याच्या खेळण्यांचा येथील खरा वैरी बालकांचा हात नसून दमट हवा होय. विद्युत्घट आत विसरला, तर पाझरलेला क्षार धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो. पांढरे प्लास्टिक मात्र उन्हाने पिवळे पडते.

मूल्यनिर्णयास रंग, सांधे, सुटे अवयव आणि मूळ वेष्टन यांचा दाखला लागतो; परंतु पायाखाली कोरलेले वर्ष बहुधा स्वामित्वहक्काचे असते, निर्मितीचे असेलच असे नाही, हा तपशील नवख्या संग्राहकास बहुधा ठाऊक नसतो. वर्षांचाच विषय निघाला म्हणून सांगतो, 1978 साली केनर कंपनीने 'स्टार वॉर्स' चित्रपटातील यंत्रमानव बाजारात आणले, आणि त्याच वर्षी लेगोची हातपाय हलणारी मूर्ती अवतरली. 2010 च्या तिच्या पहिल्या संग्राह्य मालिकेत यंत्रमानवही रुजू झाला.

गंमत अशी, की 1920 साली कारेल चापेकने नाटकात कल्पिलेले यंत्रमानव धातूचे नव्हतेच. ते कृत्रिम मांसाचे मजूर होते. शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीस, 1915 पासून टाटांचे जलविद्युत्गृह मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरवीत होते. म्हणजे मानवाच्या श्रमाचा भार वाहणारे यंत्र आमच्या मुलखात नाटकापूर्वीच कामाला लागले होते, केवळ त्याला चेहरा नव्हता. तो चेहरा खेळण्यांनी दिला, आणि संग्राहक पैसे मोजतो ते बहुतांशी त्या चेहऱ्याचेच.