नवे पाते

पाते म्हटले की आमच्या चौक परिसरातील माणसाला कोयता आठवतो, विळा आठवतो. बर्फावर चालावयाचे पाते त्याच्या कल्पनेतही येणे कठीण. इर्शाळगडाच्या छायेतील या भागात गारांपलीकडे बर्फ नाही; आणि महाराष्ट्रातील मुले स्केटिंग शिकतात ती बहुधा चाकांवर. परंतु आमची लेकरे आता जगभर पांगली आहेत. कॅनडात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील मुलगी सुट्टीत आजोळी आली असता आम्हांला म्हणाली, "फादर, नवीन ब्लेड्स बसवल्यापासून मला साधी गिरकीही जमत नाही. खेळ सोडून देऊ का?" तिच्याकडून जे समजून घेतले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

फिगर स्केटिंगचे पाते सुरीसारखे एकधारी नसते. सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या त्या पोलादाच्या तळाशी लांबीभर एक उथळ पन्हळ असते. तिच्या दोन काठांच्या दोन धारा होतात: एक आतली, एक बाहेरची. खेळाडू बहुतेक वेळ यांपैकी एका धारेवर झुकलेला असतो. शिवाय पाते झुलत्या खुर्चीच्या पायासारखे किंचित गोलावलेले असते आणि पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात.

दर वेळी धार लावताना थोडे पोलाद झिजते. पात्याची उंची घटते, गोलाई बदलते, दात्यांचे बर्फापासूनचे अंतर बदलते. हे इतके हळूहळू घडते की पाऊल नकळत त्या झिजेशी जुळवून घेते. मग नवे पाते येते. थांबण्यासाठी पाय आडवा केला तर तो घसरण्याऐवजी रुततो. चवड्याखाली गिरकीचा बिंदू जेथे सापडत असे तेथे सापडत नाही. पाते निर्दोष असते, पायही निर्दोष असतो. दोघांची ओळख तेवढी व्हावयाची असते.

म्हणूनच जाणता कारागीर नवे पाते बुटाला एकदम कायमचे जखडत नाही. आधी मोजकेच स्क्रू लावतो, खेळाडूला बर्फावर पाठवतो, पाऊल कोणत्या बाजूला कलते ते पाहतो, पाते केसभर सरकवतो आणि मगच बाकीचे स्क्रू पिळतो. त्यानंतरही उड्यांची घाई नसते. धारेवर तोल धरणे, साधी वळणे, थांबणे हे बालवर्गाचे धडे पुन्हा गिरवावे लागतात. आमच्याकडचा शेतकरीसुद्धा नव्या कोयत्याने पहिले घाव जपूनच घालतो. मुलीला आम्ही एवढेच सांगितले की, नव्या पात्यावर पडणारा माणूस खेळ विसरलेला नसतो. महिनाभर धीर धर, मग ठरव.

हे बोलताना आम्हांला इर्शाळवाडी आठवत होती. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना चौकजवळ आधी कंटेनरांत, पुढे पक्क्या घरांत आसरा मिळाला. खेळातील अडचण आणि हे दुःख यांची तुलना होऊच शकत नाही. परंतु "पक्के घर मिळाले, आता काय उणे?" असे सहज बोलणाऱ्यांनी थोडा विचार करावा. वस्तू चांगली असली म्हणून पाऊल लगेच तिच्यावर स्थिरावत नाही. डोंगरउतारावर वाढलेल्या पावलांना सपाटीवर रुळायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हा शेजारधर्म आहे.

बर्फावरील खेळाडूंची आश्रयदाती मानली जाते ती हॉलंडमधील स्खीडामची संत लिडविना (1380–1433). पंधराव्या वर्षी स्केटिंग करताना ती पडली, बरगडी मोडली आणि उरलेले आयुष्य आजारपणात गेले. ते दुःख तिने प्रभूच्या दुःखसहनाशी जोडून घेतले. 1498 साली छापलेल्या तिच्या चरित्रात लाकडी ठशाचे एक चित्र आहे. स्केटिंगच्या सर्वांत जुन्या चित्रांत त्याची गणना होते. या खेळाच्या संताचे ते चित्र विजयाचे नाही, पडण्याचे आहे. आणि त्यात ती एकटी नाही.

आपल्या धर्मग्रामातही कोणी नव्याने अडखळत असेल: सासरी आलेली सून, नोकरी बदललेला बाप, गाव सोडून आलेले कुटुंब. त्याच्या चालीला हसण्यापूर्वी त्याला हात द्यावा. जुनी धार झिजायला वर्षे लागली. नवी धार अंगवळणी पडायला देव थोडे दिवस घेईल, तर आपण ते आनंदाने द्यावेत.