अ‍ॅप्रनवरचा डाग

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’चा २०१३चा सीझन पुन्हा लावलाय. दिवसभर रिअ‍ॅलिटी शो एडिट करायचे आणि घरी येऊन परत तेच बघायचं, याला वेडच म्हणतात. पण हा सीझन बघण्यासारखा आहे. अंतिम फेरीत तिघी: फ्रान्सेस क्विन, किंबर्ली विल्सन आणि रूबी टँडो. जिंकली फ्रान्सेस. लोक बोलले मात्र उरलेल्या दोघींबद्दल, आणि वाईटसाईटच बोलले.

रूबी तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तत्त्वज्ञान आणि कलेचा इतिहास शिकणारी. परीक्षक टेबलाशी यायच्या आधीच हिचं तोंड उतरलेलं. बिघडलंय, कच्चं राहिलंय, मला जमलंच नाही. मग पॉल हॉलिवूड सुरी घालणार, मेरी बेरी तुकडा तोंडात टाकणार आणि म्हणणार, छान झालंय की! पेपर वाईट गेला म्हणून रडून पहिला नंबर काढणारी एक मुलगी प्रत्येक वर्गात असते. तिच्यावरचा वर्षानुवर्षांचा राग अख्ख्या ब्रिटनने रूबीवर काढला. पुढे तर ती पॉलला भुलवते म्हणून टिकलीय, इथवर मजल गेली.

किंबर्लीचं उलटं. पेशाने मानसशास्त्रज्ञ. आपलं काम आपल्याला येतं हे तिला ठाऊक होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती. तिला शिष्ट ठरवलं. म्हणजे एकीला आत्मविश्वास नाही म्हणून झोडपली, दुसरीला आहे म्हणून. बाईने नेमका किती आत्मविश्वास बाळगला म्हणजे प्रेक्षकांना पचतो, याचं माप कुणी दिलेलं नाही. रेमंड ब्लाँकसारख्या नामांकित शेफनेही बायकांच्या अश्रूंवरून जाहीर नाक मुरडलं. अंतिम भागाच्या सुमारास रूबीने ‘गार्डियन’मध्ये लेख लिहिला आणि या सगळ्या प्रकाराला सरळ स्त्रीद्वेष म्हटलं. लेख चांगलाच तिखट आहे. मला ती आवडायला लागली ती तिथपासून, केकवरून नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

कामावर आज वादावादी. आमच्या शोमध्ये अमरावतीची एक बाई आहे. पदार्थ कसा झालाय विचारलं की “चांगला झालाय” म्हणते आणि थांबते. हसत नाही, हात जोडत नाही. पहिल्या आठवड्यातच वरून नोट आली: हिचा अ‍ॅटिट्यूड बाहेर काढा.

रफ कटमध्ये एका मुलाचा पाक करपतो, लगेच या बाईचा क्लोजअप, डोळे फिरवतेय. बघणाऱ्याच्या डोक्यात तिडीक जावी असा शॉट. माझा असिस्टंट हुशार आहे. म्हणाला, “ताई, अ‍ॅप्रन बघा.” पाक करपतो तेव्हा वाइड शॉटमध्ये तिच्या अ‍ॅप्रनवर डाव्या खिशाखाली हळदीचा हा एवढा डाग आहे. क्लोजअपमध्ये अ‍ॅप्रन कोरा. म्हणजे डोळे फिरवले ते सकाळी, स्वयंपाक सुरू व्हायच्याही आधी. कच्चं फूटेज काढून पाहिलं. लाइटवाल्याच्या हातून स्टँड पडलं होतं आणि सगळ्यांना चौथ्यांदा आत चालत यायला सांगितलं होतं. कुणीही डोळे फिरवले असते.

मी हे सांगितलं. उत्तर आलं, अ‍ॅप्रन कोण बघतंय? शॉट राहिला.

‘बेक ऑफ’च्या सुरुवातीच्या निवेदिका मेल गिड्रॉइक आणि सू पर्किन्स यांची यावर एक युक्ती होती. कुणी स्पर्धक रडायला लागला की या दोघी शेजारी जाऊन उभ्या राहायच्या आणि कॅमेऱ्यासमोर सणसणीत शिव्या द्यायच्या. शिव्यांचं फूटेज वापरता येत नाही, की झालं. आमच्या धंद्यात इतकी चांगली शिवी मी दुसरी ऐकलेली नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

आत्या आलीय राहायला. तिला मी विचारलं, गाण्याच्या कार्यक्रमात तू एखाद्यावर इतकी चिडतेस का? म्हणाली, “नाही गं, गाणं ऐकू येतं ना. सूर लागला की माणूस कसा का असेना.”

मला वाटतं सगळं इथेच आहे. गाण्याच्या स्पर्धेत प्रेक्षकाच्या हाताशी मुद्देमाल असतो. स्वयंपाकाच्या स्पर्धेत जी एकच गोष्ट महत्त्वाची, ती चव, पडद्यातून येत नाही. वास येत नाही. मिठाचं प्रमाण कळत नाही. दिसतात ती माणसं, म्हणून निकाल माणसांचा लागतो. आम्ही एडिटरसुद्धा त्यातलेच. तेलात मोहरी तडतडते ती मी हेडफोनमध्ये दहा वेळा ऐकते, आवाज वाढवते, पण भाजीत तिखट जास्त झालंय की नाही हे परीक्षकाच्या भुवईवरून ठरवते.

आत्याचं स्वतःचं उदाहरण आहेच. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या सीझनमध्ये, २०२४ साली, निक्की तांबोळीचं वर्षा उसगावकरांशी वाजलं तेव्हा आत्याने टीव्हीसमोर बोटं मोडली होती. ‘भाऊच्या धक्क्या’वर सूत्रसंचालक रितेश देशमुख निक्कीची हजेरी घ्यायचा, ते बघायला आत्या जेवण आटपून बसायची. पुढच्याच वर्षी ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’. आत्याने ते लावलं होतं उषा नाडकर्णींसाठी. उषाताई बाहेर पडल्या, आत्या बघत राहिली, आणि शेवटी निक्की दुसरी आली (जिंकला गौरव खन्ना) तर हिला हळहळ. कारण विचारलं तर म्हणे, “कामाला वाघ आहे पोरगी.” हातात काम दिलं की माणूस निराळा दिसतो, हे खरंच. पण निक्कीने केलेलं काहीही आत्याने चाखलेलं नाही, हेही तितकंच खरं.

सोमवार, १५ सप्टेंबर

डायना बिअर्डची गोष्ट लिहून ठेवायची राहिली होती.

२०१४, ‘बेक ऑफ’चा पुढचा सीझन. बेक्ड अलास्का करायचं: केकवर आइस्क्रीम, त्यावर मेरँग, आणि बाहेर रणरणतं ऊन. इयन वॉटर्स फ्रीजरकडे जातो तर त्याचं आइस्क्रीम बाहेर काढलेलं. काढलं कुणी? डायनाने, वय ६९, त्या सीझनची सगळ्यात वडीलधारी स्पर्धक. इयन भडकला, सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि परीक्षकांसमोर तो डबाच घेऊन गेला. घरी त्याला पाठवलं. देश मात्र पेटला डायनावर. आठशेच्या वर तक्रारी गेल्या. आइस्क्रीमवरून! तिची बाजू घेताना सांगण्यात आलं की आइस्क्रीम बाहेर होतं ते फक्त ४० सेकंद.

४० सेकंद म्हणजे किती हे मला धंद्यामुळे कळतं. त्यात इयनचा घाम, वितळणारी कड, डायनाची पाठ, पुन्हा इयन, एवढं सगळं बसवलं तर प्रेक्षकाला दहा मिनिटं वाटतील. मी तो भाग आवाज बंद करून पाहिला. डायना कुठेही घाईत नाही, चोरून काही करत नाही. फ्रीजरमध्ये जागा कमी आहे आणि भांडी जास्त आहेत, इतकंच दिसतं.

यातलं वाईट पुढे आहे. हे कार्यक्रम वसंतात-उन्हाळ्यात चित्रित होतात आणि नंतर दाखवतात. लोक चिडतात तेव्हा तंबू कधीच उठलेला असतो. समोरच्याला सुधारायला, खुलासा करायला, पुढच्या आठवड्यात जरा हसून दाखवायला जागाच नाही. डायना आजारी पडल्यामुळे पुढच्या भागात दिसलीच नाही. नावडत्याचा आवडता व्हायला निदान अजून एक भाग तरी लागतो. तिच्या वाट्याला तो आला नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

रूबी टँडोचं नवं पुस्तक ‘ऑल कन्झ्युमिंग’ याच महिन्यात आलंय. आपण आज जे खातो ते का खातो, असा विषय. पण मी आज बसले होते ते तिचं २०२१चं ‘कुक अ‍ॅज यू आर’ घेऊन. पाककृतींचं पुस्तक, आणि आत एकही फोटो नाही. सिनाय पार्कने काढलेली चित्रं आहेत: वेगवेगळ्या अंगलटीची माणसं, पसरलेले ओटे, न धुतलेली भांडी. फोटो असला की करणारी आपला पदार्थ त्याच्याशी ताडून बघते आणि खट्टू होते. इथे ताडायला काही नाही. दुसरं एक बेकिंगचं तिने नुसतं ऐकायचं केलंय, ऑडिओ. जिचा चेहरा टीव्हीने दहा आठवडे चघळला, तिने स्वयंपाकातून फोटोच काढून टाकले. ठरवून केलं की नाही ते तिलाच माहीत. मला ते सूड घेतल्यासारखं वाटतं आणि आवडतं.

अर्थात तिने लोक जिंकले ते लिहून. २०१८च्या ‘ईट अप!’मध्ये ती जंक फूडची बाजू घेते, ‘क्लीन ईटिंग’च्या सोवळ्याओवळ्याला फाडते. रडूबाई म्हणून हिणवलेली मुलगी खाण्याबद्दल इतकं रोखठोक लिहील असं तंबूतल्या एकाही शॉटवरून वाटत नाही.

किंबर्लीनेही पुस्तकं लिहिली: मेंदूच्या आरोग्यावर एक, खाणं आणि मनाचं आरोग्य यावर दुसरं. हॉलोवेच्या बायकांच्या तुरुंगात तिने मानसोपचाराचं काम पाहिलं होतं. तिचा तो शिष्टपणा आता व्यासपीठावरून अधिकार म्हणून ऐकला जातो. बोलण्याची ढब तीच आहे.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. घरी यायला उशीर, थोडंसंच लिहिते.

अमेरिकेच्या ‘टॉप शेफ’चा दुसरा सीझन. मार्सेल व्हिन्यरॉन, ज्याच्यात-त्याच्यात फेस घालणारा, केस उभे करून फिरणारा, घरातल्या कुणालाच न आवडणारा. एका रात्री इतर स्पर्धकांनी दारूच्या भरात त्याचं डोकं भादरायचं ठरवलं. क्लिफ क्रुक्सने त्याला धरून दाबला आणि त्यापायी क्लिफ स्पर्धेतून बाद झाला. हे फूटेज कार्यक्रमाच्या कॅमेऱ्यांचं नाही, घरातल्याच छोट्या कॅमेऱ्याचं आहे. हलतं, अंधारं, आवाज फाटलेला. त्यावर संगीत नाही, की कुणाचा खोचक बाइट नाही. आणि तेवढं एक बघून प्रेक्षक मार्सेलकडे वळला. कीव होती ती. कीव पुढच्या भागापर्यंत टिकते. अंतिम फेरीत तो इलन हॉलकडून हरला तेव्हा फारसं कुणी रडलं नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

वरून नवी नोट. अमरावतीची बाई लोकांना आवडायला लागलीय म्हणे, तिला आता वर आणा. मुलाशी फोनवर बोलतानाचं फूटेज मागितलंय, हसतानाचे शॉट मागितलेत. असिस्टंटला कामाला लावलं. हसतानाचे शॉट पहिल्या दिवसापासूनचे निघाले, पोतंभर. लाइटवाल्याला स्टँड उचलून देताना ती हसतेय, त्याच कोऱ्या अ‍ॅप्रनमध्ये. आता हे सगळं सातव्या भागात लावायचं आणि निवेदनात म्हणायचं, ती बदलली.

बाई होती तिथेच आहे. तिच्या पाटवडीच्या रश्शाबद्दल युनिटमधले लोक तेव्हाही बोलत होते, कारण कॅमेरे बंद झाल्यावर पातेलं त्यांनीच पुसून काढलं होतं.

रविवार, २८ सप्टेंबर

आत्याचा उपवास. वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी पुढ्यात घेऊन तिने माझ्याबरोबर ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ पाहिलं, ज्यात लोक बदकं आणि खेकडे शिजवत होते. “बघितल्याने उपवास मोडत नाही,” असा निर्णय तिने आधीच देऊन टाकला.

गाय फिएरीचा हा कार्यक्रम मला आवडतो तो त्याच्या रचनेसाठी. चक्रं फिरवायची, मांस कुठलं, भाजी कुठली, उपकरण कुठलं, पद्धत कुठली ते चक्र सांगणार. दोन शेफ समोरासमोर रांधणार. परीक्षक तोवर तिथे नाहीतच. ताटं त्यांच्यापुढे नेतात ती वेगळीच दोन माणसं, पदार्थात काय आहे ते सांगतात, कुणी केलं ते सांगत नाहीत. शंभरातले ५० गुण चवीला, ३० चक्राने दिलेल्या वस्तू कशा वापरल्या त्याला, २० मांडणीला. ‘बेक ऑफ’मध्येही टेक्निकल फेरी अशीच डोळे बांधल्यागत असते, रूबी काय आणि किंबर्ली काय, त्या फेरीत परीक्षकांपुढे नुसता पाव यायचा.

‘टूर्नामेंट’चा २०२२चा सीझन टिफनी फेझनने जिंकला. ही ‘टॉप शेफ’च्या पहिल्यावहिल्या सीझनची, २००६ची, उपविजेती. हॅरल्ड डिटर्लीकडून हरली आणि अमेरिकेत त्या वर्षीची खाष्ट बाई म्हणून गाजली. कुणाची चूक दिसली की तोंडावर सांगायची, जिंकायला आलेय हे लपवायची नाही. नंतर बॉस्टनमध्ये तिने ‘स्वीट चीक्स’ हे बार्बेक्यूचं रेस्टॉरंट काढलं. तिथे येणाऱ्याला तिचा स्वभाव नव्हे, ताटातलं बोचायचं किंवा आवडायचं. सोळा वर्षांनी ती अशा स्पर्धेत जिंकली जिथे तिचा चेहरा परीक्षकांना निकालाआधी दिसतच नव्हता.

आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिला टिफनी पहिल्या फटक्यात आवडली. म्हणून मी मुद्दाम तिला २००६चा एक भाग लावून दिला. वाटलं, आता म्हणेल एडिटरने वाट लावली बिचारीची.

आमटी भुरकत तिने पूर्ण पाहिला.

“लोक चिडले ते बरोबरच होतं गं,” म्हणाली. “माझी सून असती तर मीही चिडले असते.” मग रिमोट माझ्या हातातून घेऊन तिने मागे नेलं. “पण हे बघ, सुरी कशी चालवते! तुला येतं का असं? मागच्या वेळी तू कोशिंबीर केलीस, काकडीचे धोंडे होते नुसते.”