स्पोर्ट्स कारचे ब्रेक : हाटकेशमधील एका कामाचा हिशोब

स्पोर्ट्स कारचे ब्रेक महाग असण्याचे मूळ उष्णतेत आहे. चालत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ब्रेक दाबला की ती डिस्क व पॅड यांच्या घर्षणातून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पोर्शे केमन एस चालकासह साधारण साडेचौदाशे किलो भरते. ताशी 100 किलोमीटरच्या वेगातून ती थांबवताना सुमारे साडेपाच लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकवर येते. तेवढ्यात पावणेदोन लिटर पाण्याला उकळी फुटेल. वेग 200 असला तर आकडा चौपट. म्हणूनच या गाडीची डिस्क मोठी, मधून हवा खेळेल अशी पोकळ आणि छिद्रे पाडलेली असते, आणि कॅलिपरमध्ये एकाऐवजी चार पिस्टन असतात.

हाटकेशमध्ये मात्र अशा डिस्क तापून क्वचितच जातात. मेट्रोच्या खांबांखालच्या मीरा-भाईंदर रस्त्यावर किंवा गायमुखच्या घाटातल्या कोंडीत 200 चा वेग कोण गाठणार? इथे त्या गंजाने जातात. बिडाच्या डिस्कला रंग किंवा मुलामा टिकत नाही, घासला जाणारा पृष्ठभाग कायम उघडाच राहतो. त्यात खाडीची दमट, खारट हवा. गाडी रोज चालली तर पॅड हा गंज पुसून काढतात. पावसाळाभर पोडियमच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवायची आणि थंडीत एकदा लोणावळ्याला न्यायची, हा महागड्या गाड्यांचा इथला रिवाज आहे, आणि डिस्कसाठी त्याहून वाईट काही नाही. पॅड जिथे टेकून राहतो तिथे त्याच्या आकाराचा डाग उमटतो, डाग पुढे खड्डा होतो, आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागते.

पुढील तपशील प्रस्तुत लेखकाने हाटकेश उद्योगनगरातील गाळ्यात स्वतः केलेल्या कामाचा आहे. गाडी 987 पिढीची केमन एस, दोन पावसाळे जवळजवळ उभीच असलेली. मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला होता : “फेसिंग मारून चालणार नाही का हो?” साध्या गाडीला अनेकदा चालते; लेथवर दोन्ही बाजू तासून डिस्क सपाट करता येते. केमनला चालेल की नाही हे मायक्रोमीटर सांगतो. पुढची डिस्क नवी असताना 318 मिलिमीटर व्यासाची आणि 28 मिलिमीटर जाडीची असते. तासल्यानंतर ती निदान 26.6 भरावी लागते आणि 26 ला आली की बाद होते.

जाडी मोजताना साधा व्हर्नियर फसवतो. डिस्कच्या कडेला गंजाचा उंच काठ तयार झालेला असतो आणि व्हर्नियरचे जबडे त्या काठावरच टेकतात. डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. त्यासाठी टोकदार तोंडाचा मायक्रोमीटर काठाच्या आत नेऊन आठ ठिकाणी माप घ्यायचे आणि सर्वांत कमी आलेले धरायचे. या गाडीचे माप आले 26.8. बाहेरचा चेहरा बरा होता, आतल्या चेहऱ्यावर नखाला लागतील असे खड्डे. ते घालवायला दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा मिलिमीटर तरी काढावा लागला असता, म्हणजे 26.3. फेसिंगचा विषय तिथेच संपला. मागच्या डिस्कची अवस्था त्याहून वाईट होती. हलक्या ब्रेकिंगमध्ये त्यांच्यावर भार कमी येतो, त्यामुळे गंज पुसलाही कमी जातो.

मालकांना खरे कोडे पडते ते बिलातल्या बारक्या ओळींचे. डिस्क काढायला कॅलिपर सोडावा लागतो, त्याचे बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. पॅडच्या पाठीला चिकटलेले डॅम्पर पिस्टनमध्ये घट्ट बसलेले असतात, काढताना फाटतात. झीज दाखवणाऱ्या सेन्सरची वायर उष्णतेने कडक होते आणि प्लगपाशी तुटते. हबला डिस्क धरून ठेवणारे दोन स्क्रू गंजून असे बसतात की साध्या स्क्रू-ड्रायव्हरने डोकी गुळगुळीत होतात. त्यांना इम्पॅक्ट ड्रायव्हरचे घाव घालावे लागतात. मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे वेगळे ड्रम आणि शू असतात. नवी डिस्क चढवल्यावर तिच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून दातेरी चाक फिरवत ते जुळवावे लागतात. या कामाला हात बसलेला नसेल तर अर्धा दिवस जातो.

भाग कुठून आणायचे, यावर खर्च सर्वाधिक हलतो. पोर्शेच्या डब्यातला पॅड अनेकदा टेक्स्टार किंवा पॅगिडनेच बनवलेला असतो. तोच त्या कंपनीच्या डब्यात बराच स्वस्त मिळतो. डिस्कसाठी झिमरमान हे विश्वासाचे नाव. ऑपेरा हाऊसच्या बाजारातून मागवता येतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेल्याही दिसतात. पण वापरलेली डिस्क घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. या कॅलिपरची निर्माती ब्रेम्बो हिचा कारखाना पुणे जिल्ह्यात आहे, पण तिथे मुख्यतः दुचाकींचे ब्रेक बनतात. केमनचा माल परदेशातूनच येतो आणि त्यावर आयात शुल्क लागते. जीएसटीचा बोजा तेवढा उतरला : बहुतेक भाग 28 टक्क्यांत होते, 22 सप्टेंबर 2025 पासून ते सरसकट 18 टक्क्यांवर आले.

या कामात चार डिस्क आणि दोन्ही अ‍ॅक्सलचे पॅड मिळून लाखाच्या वर गेले. सेन्सर, डॅम्पर, बोल्ट, स्क्रू यांनी वीसेक हजार खाल्ले. ब्रेक ऑइल आणि मजुरी धरून हिशोब दीड लाखाच्या आत बसला. अधिकृत ठिकाणचे अंदाजपत्रक जवळपास दुप्पट होते. स्विफ्टचे पुढचे पॅड दोनेक हजारांत येतात, याची मालकांनी आठवण करून दिलीच.

कार्बन-सिरॅमिक डिस्क असत्या तर गणितच वेगळे. पोर्शेने त्या 2001 मध्ये 911 जीटी2 वर आणल्या. त्या बिडाच्या डिस्कच्या निम्म्या वजनाच्या असतात, गंजत नाहीत आणि रस्त्यावर फार टिकतात. त्यांची झीज वजनावरून ठरवतात. किमान वजन डिस्कवरच कोरलेले असते. मात्र चाक काढताना रिम आपटून कडेचा तुकडा उडाला तर डिस्क बाद होऊ शकते. अमेरिकेत 911 वर हा पर्याय बरीच वर्षे नऊ हजार डॉलरच्या घरात होता. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून कॅलिपरचा रंग आधी पाहावा. पोर्शेवर पिवळा बहुधा सिरॅमिकचा, लाल आणि काळा बिडाचा. पण रंग कोणीही मारू शकतो, तेव्हा डिस्कही निरखून पाहावी.

नवे पॅड बसवले की काम संपत नाही. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. त्यासाठी पहाटे काशीमिऱ्याहून वरसावेचा पूल ओलांडून मोकळ्या हायवेवर जायचे, 80 वरून 30 पर्यंत दहाएक वेळा ब्रेक लावायचा, मधे पूर्ण थांबायचे नाही आणि शेवटी ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी थंड होऊ द्यायची. गरम डिस्कवर पॅड दाबून उभे राहिले की तिथेच थर जाड बसतो आणि थरथर पुन्हा सुरू होते. टोलनाक्याची रांग लागण्याआधी परतावे ते याचसाठी.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट 4 चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 230 अंश असतो. पाणी मुरलेल्या ऑइलचा 155 पर्यंत उतरू शकतो. या गाडीतले चहाच्या रंगाचे झाले होते. गाडी चालो वा उभी राहो, दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते.