उंबऱ्यावरची

गेल्या पावसाळ्यात आमच्या भावानं छत्रपती संभाजीनगरच्या निवारागृहातून दोन जीव कुंभार पिंपळगावला आणले, एक मांजर आणि एक कुत्री. मांजरीबद्दल प्रश्नच नव्हता. हजरत अबू हुरैरांना ते नावच मुळी मांजरीच्या पिलावरून मिळालेलं. आमची मांजर आठवडाभर पत्र्याच्या पेटीमागे दडून राहिली, मग एके दिवशी थेट दादीच्या जानमाजवर येऊन निजली. दादीनं तिला उठवलं नाही. स्वतःच सरकून नमाज पढली.

कुत्रीच्या कानाचं टोक कापलेलं. ती नसबंदीची खूण, पण दादीला वाटलं कुणी छळलंय. हळहळली, तरी म्हणाली, "उसे बाहर रख, बेटा. नमाज की जगा है ये."

मग आम्ही वादाला बसलो. फरिश्ते येत नाहीत, लाळ नापाक, असं एकजण म्हणे. शेताच्या, गुरांच्या राखणीला मुभा आहे, असं दुसरा. या विद्वत्तेत दोन दिवस तिला भाकर घालायची राहून गेली. तिनंही मागितली नाही. कुणी झाडू उचलला की भिंतीला चिकटायची.

जुम्म्याला दादी सूरह कहफ पढत होती. गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेल्या कुत्र्याची आयत आली आणि तिची नजर उंबऱ्याकडे गेली. बोलली काहीच नाही. संध्याकाळी जर्मनची एक ताटली वेगळी काढलेली दिसली, दूध-भाकर कुस्करलेली.

कुत्री आजही उंबरा ओलांडत नाही. झाडू आम्ही आता मागच्या खोलीत ठेवतो.