गोळ्यांचं तेवढं बोलू नकोस

३ नोव्हेंबर
भाचीला कऱ्हाडचं स्थळ सांगून आलंय. मुलगा, घरदार, सगळं पसंत. ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं, "तिच्या गोळ्यांचं तेवढं बोलू नकोस." भाचीला दहावीत असताना फीट यायला लागली. आता गोळीवर वर्षानुवर्षं एकही नाही.

तिची फीट हातपाय झाडणारी नव्हती. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटे, जळकट वास येई. मग नजर स्थिर, ओठांची चुळबुळ आणि अंगठा ओढणीचा काठ चोळत राही. मिनिटभरानं भानावर आली की मधलं काही आठवत नसे. बाहेरची बाधा म्हणून अंगारेधुपारेही झाले तेव्हा.

८ नोव्हेंबर
तिच्याबरोबर डॉक्टरांकडे. बाकावर शेजारी एक लहान मुलगा बिस्किट खाता खाता थबकला, पापण्या फडफडल्या आणि काही सेकंदांत पुन्हा खाऊ लागला. शाळेत म्हणे 'लक्ष नसतं' म्हणून ओरडा बसतो. तीही फीटच!

मेंदूतल्या पेशींचे विद्युतसंदेश एकाच वेळी अनावर झाले की फीट येते. कारणं अनेक: डोक्याला मार, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, आनुवंशिकता, आपल्याकडे फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठीसुद्धा. न धुतलेल्या पालेभाजीतूनही ती जातात. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

भाचीनं स्वतःच विचारलं, "लग्नाच्या गडबडीत गोळी राहिली तर?" डॉक्टर म्हणाले, लपवून घ्यायची गोळी चुकतेच, त्यात जागरण, उपास, की फीट परत येते. शिवाय व्हॅल्प्रोएटसारख्या औषधानं गर्भाला धोका असतो, म्हणून दिवस राहण्याआधीच औषधांचं ठरवावं लागतं. नवऱ्यापासून चोरून हे कसं करायचं?

१२ नोव्हेंबर
ताईशी कडाक्याचं भांडण. तिला भीती, कायद्यानंच लग्न मोडेल. तिला सांगितलं, १९९९ मध्येच हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार, म्हणजे हा फीटचा आजार, वगळलाय. उलट लपवलं तर फसवणूक झाली म्हणायला मुलाकडच्यांना जागा राहते.

१७ नोव्हेंबर
आज राष्ट्रीय अपस्मार दिन. परवा भाचीनं मुलाला फोनवर सगळं सांगितलं. फीट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना, हेही. आज निरोप आला: पत्रिका जुळत नाही.

ताई रडली. मलाही फार लागलं. पण पुढच्या स्थळाला पहिल्याच भेटीत सांगायचं, हे आता पक्कं.